लालबागच्या डंकावरचा उघडा कॅमेरा

मुंबईला माणसं समुद्र बघायला जातात, लग्नाचा बस्ता बांधायला जातात, नाहीतर दवाखान्यात जातात. मी गेले ते एका स्वैपाकघरात कॅमेरा बसवायला. तोही सख्ख्या मावशीच्या घरात, आणि तोही तिच्या सुनेवर नजर ठेवायला. वाचूनच तुम्ही नाक मुरडलं असणार. मीही मुरडलं होतं. पण आमच्या सुलभामावशीचा फोन म्हणजे हुकूम. "शैले, दुकानातला एक चांगला कॅमेरा घे आणि ये. आणि गावभर सांगत बसू नकोस," एवढं बोलून तिनं फोन ठेवलासुद्धा.

कोल्हापुरात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. बंगले, दूध डेऱ्या, मंगल कार्यालयं, गुऱ्हाळघरं, सगळीकडे माझे कॅमेरे आहेत. शिडीवर मी चढते, नवरा खाली शिडी धरतो. लोक हसतात, हसू देत. पण इतक्या वर्षांत कुणाच्या स्वैपाकघरात कॅमेरा लावायची वेळ आली नव्हती. खोकं पिशवीत टाकलं, वर चार भाकऱ्या आणि खर्डा ठेवला आणि निघाले.

लालबाग

मावशी मूळची आमच्या कागलची. लग्न होऊन लालबागला गेली ती मालवणी घरात. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सासूनं घर सावरलं ते मालवणी मसाला करून, आणि जाताना तो मसाला मावशीच्या हाती देऊन गेली. आज विरारपासून दुबईपर्यंतचे कोकणी लोक उन्हाळा आला की मावशीला फोन करतात. पावसाआधी वर्षाचा मसाला घरात पडला पाहिजे, हा त्यांचा धर्म. आमच्याकडे वर्षाची चटणी असते तशीच. चटणी म्हणजे लाल तिखट, हे मुंबईच्या लोकांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. ते बिचारे खोबरं आणि कोथिंबीर शोधत बसतात.

त्यांची चाळ आता राहिली नाही, तिथं टॉवर उभा आहे. पण लिफ्टमधून उतरले आणि बघते तर काय, मजल्यावरची सगळी दारं सताड उघडी! दाराबाहेर चपलांचे ढीग, एका घरातला टीव्ही दुसऱ्या घरातली म्हातारी बघतेय. आमच्याकडे बंगल्याला फाटक, फाटकाला कुलूप, आत कुत्रा, आणि या सगळ्यावर माझा कॅमेरा. चाळ पाडून इतकी वर्षं झाली, पण दार लावून घेणं या लोकांना अजून जमलेलं नाही.

मावशीनं ताट वाढलं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मी दोन घास खाल्ले आणि हात थांबला. एवढं चांगलं लागतं हे? कोल्हापूरकरानं दुसऱ्याच्या तिखटाचं कौतुक करायचं नसतं, पण खरं ते खरं. त्यात तिखटाआधी वास येतो, आणि तिखट मागाहून सावकाश येतं. आमचं येतं ते थेट कानशिलात.

"ज्युडिथ कुठाय?" मी विचारलं.

मावशीनं कढी वाढता वाढता वाटी आपटली. "गेली आईकडे."

ज्युडिथ म्हणजे मावशीची सून, माझ्या मावसभावाची, संदेशची बायको. माझगावची ईस्ट इंडियन ख्रिश्चन, म्हणजे मुंबईची अगदी मूळची मुलगी. एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. लग्न ठरलं तेव्हा मावशीनं कुरकुर केली नव्हती. उलट गेल्या उन्हाळ्यात तिनं ज्युडिथला मसाला शिकवायला घेतला. गच्चीत मिरच्या पसरणं, उन्हं फिरली की उलटणं, कुठला जिन्नस किती भाजायचा, सगळं. पोटच्या पोराला जे सांगितलं नाही ते सुनेला सांगितलं, असं ती मला फोनवर मोठ्या फुशारकीनं म्हणाली होती.

आणि या उन्हाळ्यात इंटरनेटवर कुठल्यातरी माणसाचा व्हिडिओ आला. 'लालबाग का सीक्रेट मसाला', हिंदीत. शेजारणीनं मावशीच्या हातात फोन दिला. त्या माणसानं धणे सांगितले, बेडगी आणि संकेश्वरी मिरची सांगितली, लवंग सांगितली, सगळी वजनं तंतोतंत मावशीची. मावशीनं मिनिटभर ऐकलं आणि फोन पलंगावर भिरकावला.

"माझ्या सासूचं वजन ते! मला ठाऊक आणि ज्युडिथला ठाऊक. तिसरं कोण आहे सांग मला."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. तिची आईपण घरी त्यांच्यातला तो बाटलीत भरायचा मसाला करते, माझगावात विकते. म्हटलं, आईला दिलंस की काय? तर भडकलीच. म्हणे, आई, मी केलं नाही, आणि मी परत सांगणार नाही."

संदेश खिडकीशी उभा होता. "तू सरळ चोर म्हणालीस तिला," तो म्हणाला. "आणि वर म्हणालीस, आता स्वैपाकघरात कॅमेराच लावते. तेव्हा ती गेली. शैलाताई, ती मला सांगून गेलीय, कॅमेरा लागला तर ती या घरात परत येणार नाही. आणि मग मीपण राहणार नाही."

"जा," मावशी म्हणाली. डोळे मात्र भरले होते. "शैले, तू बसव."

आली का पंचाईत? एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मोडायला आलेला संसार, आणि मधे माझ्या पिशवीत खोकं. मी म्हटलं, "आधी जागा बघावी लागते, वायर बघावी लागते. घाई केली की कॅमेरा नीट बसत नाही." सगळं खोटं. पाच मिनिटांचं काम होतं. पण मला सोलकढी अजून हवी होती आणि विचार करायला वेळही.

मसाला गल्ली

दुसऱ्या दिवशी मावशीला डंकावर जायचं होतं, मी तिच्या मागं लागले. डंक म्हणजे मसाला भाजून कुटायची जागा. गल्लीच्या तोंडाशीच नाक हुळहुळायला लागलं. दुतर्फा मिरच्यांच्या राशी, पुढं धणे, हळकुंडं, दगडफूल, आणि आत लोखंडी मुसळं धडाधड वरखाली होत होती. मला वाटलं, आपण कोल्हापूरच्या, आपल्याला काय होणार? आत पाय टाकला आणि अशी शिंकत सुटले की बोलायची सोय राहिली नाही. त्यात मिरची चाचपलेल्या हातानं डोळे पुसले. मग काय, आंधळी कोशिंबीर! एका बाईनं मला धरून नळाशी नेलं. "कुठल्या ओ ह्या?" "कोल्हापूरच्या." सगळा डंक हसला. सगळ्या कोल्हापूरची लाज मी तिथं घालवून आले.

डोळे उघडले तेव्हा मला इथली रीत दिसली. प्रत्येक बाई आपापल्या मसाल्याजवळ उभी. भाजणाऱ्यानं कढईत टाकलं की कढईशी, कांडायला गेलं की मुसळाशी. मसाला डब्यात पडेपर्यंत बाई जागची हलत नाही. कुणी आपली लवंग उचलू नये, दुसरीची हलकी मिरची आपल्यात मिसळू नये म्हणून. आमच्याकडे चटणी डंकावर ठेवतात आणि बाजार करून येतात. हे ऐकून त्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोर रस्त्यात ठेवून आले होते.

मावशी कुणाच्यातरी मसाल्याचे जिन्नस काट्यावर घालत होती, आकडे लाल दिव्यांत चमकत होते. भाजून झालं. मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक पांढरा खडा काढला, कढईवरून तीनदा ओवाळला, काहीतरी पुटपुटली आणि कढईच्या आड खाली ठेवलेल्या कोळशाच्या छोट्या शेगडीत टाकला.

"हे काय?"

"गप. तुरटी आहे. दृष्ट काढली."

"मसाल्याची?"

"मग? इतक्या बायका बघतात त्याच्याकडे. माझी सासू काढायची." ती वाकून शेगडीत बघायला लागली. तुरटी फुलून वेडीवाकडी झाली होती. ज्याची नजर लागली त्याचं तोंड तुरटीत उमटतं, असं म्हणतात. मावशी मला म्हणाली, "बघ, बाईचंच तोंड दिसतंय. तरणी बाई." कुणाबद्दल बोलतेय ते मला कळलं आणि तिचा राग आला. तुरटीत काय, ढगातही हवं ते तोंड दिसतं.

रागानं वर बघितलं, आणि तिथं तो होता. कॅमेरा. बरोब्बर काट्याच्या आणि कढईच्या डोक्यावर.

आता हा माझा प्रांत. डंकाचे मालक बाबलशेठ, मालवणचे, गळ्यात पंचा. मी विचारलं, "शेठ, हा कॅमेरा कशासाठी?"

"बायकांसाठी गो! आता सगळ्यो नोकरीक जातत. मसाल्याकडे उभ्या रवाक वेळ नाय. मगे मी त्यांच्या फोनवर लिंक देतंय. ऑफिसात बसान आपलो मसालो बघतत. विश्वासाचो धंदो माझो." नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ऑफिसात बसून मसाल्याशी उभं राहावं म्हणून त्यांनी ही सोय केली होती. मला तो माणूस आवडला. जुनी रीत मोडली नाही, फक्त बाईच्या जागी कॅमेरा उभा केला. आकडा नीट दिसावा म्हणून मुद्दाम काट्याच्या वर!

"पासवर्ड आहे?"

"असा तर! मोठो पासवर्ड असा. माका पण पाठ नाय."

"तुमची हरकत नसेल तर मी तपासू का? हा माझा धंदा आहे."

"बघा की."

मी समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. म्हणजे डंकाच्या वायफायवरून नाही, माझ्याच फोनच्या इंटरनेटवरून. कॅमेऱ्याची कंपनी आणि त्यातलं सॉफ्टवेअर किती जुनं ते बघितलं आणि मला घाम फुटला. ही कुळी मी ओळखत होते. सोप्या भाषेत सांगते. कॅमेरा आता नुसती काच राहिलेली नाही, आत छोटा संगणक असतो, त्यात सॉफ्टवेअर असतं, आणि माणसानं लिहिलंय म्हटल्यावर त्यात चुका असतात. या कॅमेऱ्यातली चूक अशी, की पासवर्ड विचारतं ते पान वेगळं आणि चित्र पाठवतं ते पान वेगळं. पहिलं पान पासवर्ड मागतं, अगदी कडक. दुसऱ्याकडे सरळ गेलं की ते कोण, कुठले, काही विचारत नाही, चित्र हातात देतं. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मोरीची खिडकी उघडी, तसलाच प्रकार. चूक जुनी, जगजाहीर, आणि कंपनीनं तिच्यावर दुरुस्तीही कधीच काढलेली. ती दुरुस्ती कुणीतरी कॅमेऱ्यात जाऊन घालावी लागते, ती इथं घातलीच नव्हती.

पासवर्ड न टाकता माझ्या फोनवर डंक उघडला. मावशीचा अंबाडा दिसला, काटा दिसला, आणि काट्यावरचा लाल आकडा स्वच्छ वाचता आला. असे उघडे कॅमेरे शोधत हिंडणारी माणसं जगात आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी फोन नेऊन बाबलशेठपुढं धरला.

"ह्या कसां?" ते खालीच बसले. "पासवर्ड असा ना?"

"आहे. पण पलीकडे कुणी विचारत नाही."

मावशीलाही दाखवलं. ती बघत राहिली, मग मान फिरवली. "म्हणजे दिसू शकतं. दिसलंच कशावरून? ज्युडिथला तर सगळं ठाऊकच होतं." मावशीला मूर्ख समजू नका. तिचं बरोबर होतं. उघडी खिडकी म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे.

गिरगाव

दुरुस्तीची फाइल आणायला मी लॅमिंग्टन रोडला गेले, ज्या दुकानातून बाबलशेठनी कॅमेरे घेतले तिथंच. गिरगावच्या अलीकडचा हा रस्ता म्हणजे आम्हा कॅमेरेवाल्यांची काशी. दुकानदार पोरगेला, तोंडात पान.

"अपडेट? मॅडम, अपडेट कोण टाकतं? लावला, दिसायला लागला, विषय संपला."

"आणि उघडा पडला तर?"

"कस्टमर विचारत नाय, आपण सांगत नाय. कंपनी वेबसाइटवर टाकते, कोण वाचतं?"

मी त्याला असा झापला की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. "तू विकलंस ना? मग तू सांगायचं. मी कोल्हापुरात शिडी चढून एकेका कॅमेऱ्यात घालून येते, तुला लालबागला जायला काय धाड भरते?" तो ओशाळला, आणि मुकाट्यानं फाइल उतरवायला लागला. वेळ लागणार होता. "जेवून या," म्हणाला.

गिरगावात फणसवाडीजवळच्या एका जुन्या खानावळीत गेले. इथं टेबल तुमचं एकटीचं नसतं. समोर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा आधीच जेवत होते. कोल्हापुरात अनोळखी बाईसमोर असं कुणी बसलं तर तो जेवणार नाही, ती पण जेवणार नाही. इथं आजोबांनी मीठ माझ्याकडे सरकवलं आणि वालाच्या बिरड्यात पुन्हा मान घातली. बिरडं गोडसर होतं. गूळ! मी मनातल्या मनात गिरगावला माफ करून टाकलं, कारण कैरीचं पन्हं झकास होतं.

जेवता जेवता तो व्हिडिओ लावला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तो व्हिडिओ घरात पुरता कुणी बघितलाच नव्हता. मावशीनं पहिल्या मिनिटाला फोन फेकला, संदेशनं वजनं जुळलेली बघून बंद केला, आणि ज्युडिथ म्हणे, मी केलं नाही तर बघायचं काय. हट्टी माणसांचं घर! मी मात्र बसले बघत. धणे झाले, मिरच्या झाल्या, दगडफूल झालं, नागकेशर झालं. सगळं भाजून झाल्यावर तो माणूस कॅमेऱ्याजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "और अब असली सीक्रेट. मिश्री का एक टुकड़ा. कढ़ाई के ऊपर तीन बार घुमाइए, फिर डालिए. लालबाग की दादियाँ ऐसे ही करती हैं."

मिश्री. म्हणजे खडीसाखर!

मी इतक्या मोठ्यानं हसले की पन्हं नाकात गेलं. आजोबांनी पाठीवर थोपटलं. "काय झालं हो?"

"आजोबा, मालवणी मसाल्यात खडीसाखर घालतात का?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कोण गाढव म्हणतो?"

"तोच तर पकडला गेला," मी म्हटलं.

पुन्हा लालबाग

मी घरात शिरले ती ओरडतच. "मावशी, बस. आणि हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघ."

"मी त्याचं तोंड बघणार नाही."

"बघितलं नाहीस तर मी कॅमेरा घेऊन कोल्हापूरला चालले."

बसली. संदेशही बसला. मिश्रीपाशी आलं तशी मावशी ताडकन उठली. "साखर? माझ्या मसाल्यात साखर? मेल्याच्या जिभेला..." आणि ती मधेच थांबली. हात आपोआप कमरेच्या पिशवीकडे गेला. तिथं तुरटी होती.

मी व्हिडिओ थांबवला. पुढचं तिच्याच तोंडून यायला हवं होतं.

"वरून बघितलं तर," ती हळू म्हणाली, "शेगडी कढईआड जाते. मी ओवाळली, सोडली... त्याला वाटलं कढईत टाकली."

"आवाज नाही त्या कॅमेऱ्याला. तू काय पुटपुटलीस ते त्याला कळलं नाही. ज्युडिथनं सांगितलं असतं तर तिनं तुरटीला खडीसाखर म्हटलं असतं का?"

"गेल्या उन्हाळ्यात तिनं स्वतःच्या हातानं काढलीय दृष्ट," मावशी म्हणाली. "मीच शिकवली. हातानं क्रॉसची खूण करते आणि तुरटी ओवाळते. मला इतकं बरं वाटलं होतं तेव्हा." ती पलंगावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. संदेश जवळ गेला नाही. त्याचाही राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

मलाही राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, तू घाटावरची पोर. सासूनं तुला मालवणी मसाला दिला तेव्हा तिनं तुझ्यावर कॅमेरा लावला होता का गं?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "ती पुड्या माझ्या हातात देऊन पोथी ऐकायला जायची."

संध्याकाळी डंकावर जाऊन मी शिडी मागितली. बाबलशेठ आणि त्यांचा भाजणारा, दोघांनी शिडी धरली. दुरुस्ती घातली, पासवर्ड बदलला, कॅमेरा काट्यावरून थोडा वळवला, म्हणजे बाईचा मसाला दिसेल पण आकडा दिसणार नाही. मग पुन्हा टपरीवर जाऊन त्या मागच्या वाटेनं शिरायला बघितलं. नाही उघडलं. सरळ पासवर्ड मागितला. तिथल्या बायकांना गोळा करून मी सांगितलं, की बाकीच्या डंकांवरही सांगा, घरी कॅमेरे असतील तर तेही तपासून घ्या. बाबलशेठनी मला जायफळ, मायपत्री, काय काय बांधून दिलं. मी नको म्हटलं नाही. काम चोख केलं होतं.

माझगाव

सकाळी मावशी न सांगताच तयार होऊन बसली होती. चांगलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. "चल माझगावला," म्हणाली. संदेशला म्हणाली, "तू नको. हे माझं आहे."

माझगाव म्हणजे मला गोदी, क्रेन आणि धूळच दिसेल असं वाटलं होतं. पण टॅक्सी एका बोळाशी थांबली आणि आत शिरलो तर लाकडी जिन्यांची बसकी घरं, कुंड्या, तिठ्यावर फुलांचा हार घातलेला क्रूस, आणि ओट्यावर ऊन खात पडलेलं मांजर. गोदीचा भोंगा वाजला नसता तर मला हे आमच्या एखाद्या वाडीतलंच वाटलं असतं. एका ओट्यावर सुपात मिरच्या वाळत होत्या. मावशीनं जाता जाता एक मिरची उचलून वाकवली, वास घेतला. "चांगल्या वाळल्यात," पुटपुटली. तेच ज्युडिथच्या आईचं घर निघालं.

फिलोमिना आंटी दारातच उभ्या होत्या. फुलाफुलांचा झगा, चष्मा. त्यांनी आम्हाला या म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. "बाय, सासू आली तुझी," एवढं आत ओरडल्या.

ज्युडिथ बाहेर आली. ऑफिसला निघालेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "शैलाताई, लावला कॅमेरा?"

"खोकं फोडलं पण नाही," मी म्हटलं.

मावशी पुढं झाली. मला वाटलं होतं, आधी व्हिडिओचं सांगेल, खडीसाखरेचं सांगेल, त्या मेल्या माणसाला शिव्या देईल. तसलं काही केलं नाही. "ज्युडिथ, चुकलं माझं," म्हणाली. "मी तुला चोर म्हटलं. तू नव्हतीस. आणि असतीस तरी तुझ्या आईच्या नावानं बोलायला नको होतं मी."

फिलोमिना आंटींनी चष्मा काढून पुसला. ज्युडिथ हाताची घडी घालून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मला तिची बाजू पटत होती. एकदा चोर म्हटलं की ते लगेच पुसलं जात नाही.

मावशीनं पिशवीतून तुरटी काढली. "आंटी, गॅस पेटवा जरा. जुना तवा ठेवा." आंटी आत गेल्या, तवा तापला. मावशीनं ज्युडिथला उंबऱ्यात बसवलं. ती बसली, घड्याळाकडे बघत बसली, पण बसली. मावशीनं तुरटी तिच्यावरून ओवाळली, एकदा, दोनदा, तीनदा, नेहमीसारखी पुटपुटली आणि आत जाऊन तव्यावर टाकली. आम्ही सगळ्याच तव्याभोवती जमलो. तुरटी तडतडली, फुलली, वेडीवाकडी झाली.

"कोणाचं तोंड दिसतंय, आई?" ज्युडिथनं विचारलं. आवाजात राग होता अजून.

मावशीनं वाकून नीट बघितलं. मग सरळ उभी राहिली आणि सुनेच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माझं."

आंटींनी गॅस बंद केला. ज्युडिथनं तव्यावर पुन्हा एकदा निरखून बघितलं, आणि तिचं तोंड हलायला लागलं. हसू होतं की रडू, सांगता यायचं नाही.

"नाक तर मम्माचं दिसतंय," ती म्हणाली.

"माझं नाक एवढं मोठं?" आंटी उसळल्या, आणि मग सगळ्याच हसलो. मावशी हसता हसता रडली, ज्युडिथनं तिला धरलं. आंटींनी त्यांच्या मसाल्यातलं कालवण आणि पाव काढले. मावशीनं बोट बुडवून चाखलं आणि विचारलं, "ह्यात काय घालता हो?" आंटी म्हणाल्या, "ते नाय सांगणार." मावशीनं मान डोलावली. तिला ते फार पटलेलं दिसलं.

खाऊन होतंय तोवर ज्युडिथ आत गेली. ऑफिसला रजेचा फोन केला आणि कपड्यांची बॅग घेऊन आली.

"आई, गच्चीत मिरच्या पसरल्यात ना? उलटल्या कोणी?"

"कोण उलटणार?" मावशी म्हणाली. "तू नव्हतीस."

"मग करपल्या असतील," ज्युडिथ म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "चला लवकर."